ग्रास डीमन : हळदीच्या गुंडाळलेल्या पानातलं फुलपाखरू – ओळख आणि शोध

घाटपायथा

पावसाळा सुरू झाला की सगळीकडे नीलवंत, ब्लू टायगर, कॉमन क्रो यांचे फोटो येतात. यावेतच, सुंदर असतात ती. पण स्किपर कुळातलं फुलपाखरू दिसलं की बहुतेक जण "तपकिरी काहीतरी होतं, भुर्रकन गेलं" म्हणून सोडून देतात. पश्चिम घाटात फुलपाखरांच्या तीनशेहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या ऐंशीच्या आसपास स्किपर आहेत. एवढी मोठी मंडळी न बघताच राहून जातात याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हा धागा एकाच स्किपरवर काढतोय. हा ओळखायला सोपा आहे, दुर्मीळ अजिबात नाही आणि कुठे बघायचं ते कळलं की घरच्या कुंडीतही सापडतो. नाव ग्रास डीमन, शास्त्रीय नाव उडास्पेस फोलस. १७७५ साली पीटर क्रेमर या डच अभ्यासकाने त्याचं वर्णन केलं.

आधी स्किपर कसं ओळखायचं ते. धड जाडजूड, डोकं रुंद, डोळे मोठे आणि एकमेकांपासून लांब. मिशांकडे नीट बघा. इतर फुलपाखरांच्या मिशांचं टोक गोलसर, गदेसारखं असतं. स्किपरची मिशी टोकाकडे जाड होते आणि शेवटी आकड्यासारखी मागे वळते. उडणं झपझप, एका पानावरून दुसऱ्या पानावर, नजर पोहोचायच्या आत.

आता ग्रास डीमन. पंख पसरले तर चार-साडेचार सेंटिमीटर, म्हणजे स्किपरच्या मानाने चांगलाच मोठा. पंखांची वरची बाजू गडद चॉकलेटी. पुढच्या पंखावर पांढऱ्या, काचेसारख्या ठिपक्यांची रांग आणि मागच्या पंखावर मधोमध एक मोठा पांढराशुभ्र डाग. हा मागच्या पंखावरचा डाग लक्षात ठेवा, निम्मी ओळख तिथेच पटते. पंख मिटून बसला तर खालच्या बाजूला तपकिरी, राखाडी, पांढऱ्या रंगांची सरमिसळ दिसते आणि पंखांच्या कडेला एक आड एक काळी-पांढरी झालर.

हा सावलीत, जमिनीलगत उडतो. उन्हाची तिरीप जिथे पडते अशा पानावर पंख अर्धवट उघडून बसतो. जून ते नोव्हेंबर हा त्याचा भर.

पण माझं सांगणं असं की उडणाऱ्या फुलपाखरामागे धावू नका. हळद शोधा. हळद, आंबेहळद, रानहळद, आलं, सोनटक्का ही सगळी एकाच कुळातली झाडं, आणि ग्रास डीमनची मादी त्यांच्यावरच अंडी घालते. पानाची कड आत वळलेली दिसली की थांबा. आत बहुधा अळी असते.

---

निशिगंध_पुणे

छान धागा! एक विचारते. मागच्या रविवारी सिंहगडाच्या वाटेवर मला अगदी असंच दिसलं. वरून तपकिरी, मागचे पंख पांढरे. पानाच्या खालच्या बाजूला बसलं होतं, पंख पूर्ण पसरून, पानाला चिकटवल्यासारखं. फोटो धूसर आहे, पण पांढरा रंग पंखाच्या पार कडेपर्यंत गेलेला दिसतोय आणि कडेला काळे ठिपके आहेत. ग्रास डीमनच ना?

---

घाटपायथा

निशिगंध, तुम्ही बसण्याची पद्धत लिहिलीत हे फार उपयोगी पडलं. पानाखाली, पंख सपाट पसरून बसणारं आणि मागच्या पंखाची कडेकडची बाजू पांढरी असणारं ते वॉटर स्नो फ्लॅट. तेही स्किपरच, पण 'फ्लॅट' गटातलं. हा गट पंख मिटत नाही, सपाट पसरूनच बसतो. ग्रास डीमन पंख मिटून किंवा अर्धे उघडून बसतो आणि त्याचा पांढरा डाग पंखाच्या मधोमध असतो, भोवती चॉकलेटी चौकट राहते. डाग मध्ये की कडेला, एवढं बघितलं तरी पुरे.

तुम्ही पाहिलेल्या फुलपाखराची अळी करांद्याच्या वेलावर वाढते. त्या जागी आजूबाजूला करांद्याचे वेल आहेत का बघा, असणारच.

---

निशिगंध_पुणे

हो, होते! हृदयाच्या आकाराच्या पानांचे वेल बाजूच्या झुडपांवर चढलेले दुसऱ्या फोटोत दिसताहेत. मग आता त्याच वाटेवर हळदीच्या कुळातलं काय मिळेल?

---

घाटपायथा

रानहळद. सह्याद्रीच्या उतारांवर पहिल्या पावसानंतर मातीतून थेट वर येते. हळदीसारखीच पानं, पण लहान, आणि फुलांचा तुरा पिवळा, शेंड्याला गुलाबी-जांभळी पानं. जुलै-ऑगस्टमध्ये तिची कोवळी पानं बघत चला.

---

कुळागरकर

फोंड्याहून लिहितोय. आमच्याकडे ह्या अळीची ओळख स्वयंपाकघरातून होते. नागपंचमीला पातोळ्या (हळदीच्या पानात उकडलेला गोड पदार्थ) करायच्या म्हणून कुळागरातून, म्हणजे आमच्या पोफळीच्या बागेतून, हळदीची पानं काढायला गेलं की चांगली रुंद, अखंड पानं निवडावी लागतात, आणि नेमकी तीच कडेनं दुमडलेली असतात. आई ती बाजूला ठेवायची, "ह्यात घर केलंय कुणीतरी" म्हणून. पंधरा ऑगस्टला ख्रिस्ती शेजाऱ्यांकडेही पातोळ्या होतात, त्यामुळे या दिवसांत गोव्यात हळदीचं पान न् पान कुणीतरी हातात घेऊन बघतंच.

दुमडलेलं पान उन्हाकडे धरून बघा. हळदीचं पान पातळ असतं, आतली अळी सावलीसारखी दिसते. उलगडायची गरजच पडत नाही. उलगडलं की रेशमाचे टाके तुटतात आणि बिचारीला सगळं नव्यानं शिवावं लागतं.

---

घाटपायथा

कुळागरकर, वा! उन्हाकडे धरून बघायची युक्ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी.

ती पान कसं शिवते हे बघण्यासारखं असतं. लहान अळी पानाच्या कडेला दोन चिरा पाडते, मधला तुकडा आपल्या अंगावर ओढून घेते आणि रेशमाच्या धाग्यांनी आडवे टाके घालते. धागा सुकताना आखडतो आणि दुमड घट्ट होत जाते. अळी मोठी झाली की ती जागा सोडून नवं, मोठं घर करते. म्हणून एकाच रोपावर लहान-मोठ्या दुमडी दिसतात. त्यातली सगळ्यात ताजी आणि लांब असेल तिथे अळी, बाकीची रिकामी.

अळी फिकट हिरवी, काचेसारखी अर्धपारदर्शक. पाठीवरून आतड्यातल्या पानाचा गडद हिरवा पट्टा जाताना स्पष्ट दिसतो. डोकं काळं, आणि डोक्यामागे मानेसारखा बारीक भाग. अशी 'मान' दिसली की अळी स्किपरची, हे जवळजवळ नक्की. अशा पारदर्शक अळ्यांमध्ये वाढ पूर्ण होत आली की काहींच्या पाठीत आत दोन पिवळसर ठिपके दिसतात. ती नराची वृषणं. म्हणजे नर की मादी हे फुलपाखरू व्हायच्या आधीच कळतं.

---

कृष्णाकाठ

सांगली भागातला शेतकरी आहे. आमच्याकडे अक्षय तृतीयेच्या सुमारास हळद लागते आणि ही अळी 'पाने गुंडाळणारी अळी' म्हणून कीड-रोगांच्या यादीत असते. तुमच्या कौतुकाला माझा विरोध नाही, पण नवीन शेतकरी हे वाचतील म्हणून लिहितो. या अळीनं हळदीचं मोठं नुकसान झालेलं मी तरी बघितलं नाही. हळदीला खरा त्रास कंदमाशीचा आणि खोडकिड्याचा. कंद पोसायला पानं लागतात हे खरं, पण रोपाला दहा-बारा पानं असताना एक-दोन दुमडली म्हणून काही बिघडत नाही.

अडचण अशी होते की दुमडलेलं पान दिसलं की घाबरून फवारणी होते. खोडकिड्याची खूण वेगळी आहे. मधला पोंगा, म्हणजे न उलगडलेलं कोवळं पान, सुकतो आणि खोडाला भोक पडून त्यातून भुसा-विष्ठा बाहेर आलेली दिसते. पान दुमडलंय, पोंगा हिरवागार आहे, खोडाला भोक नाही, तर ती ही तुमची फुलपाखराची अळी. जास्तच झाली तर दुमडलेली पानं हातानं काढावीत. मी तेवढंच करतो.

---

घाटपायथा

कृष्णाकाठ, अगदी हेच कुणीतरी शेतातल्या माणसानं सांगायला हवं होतं. मनापासून आभार. काढलेली पानं नष्ट करण्याऐवजी बांधावर सोनटक्का किंवा आंबेहळदीचा एखादा गड्डा लावून त्यावर ठेवता आली, तर अळी तिकडे जाते. करून बघा.

---

कृष्णाकाठ

विहिरीजवळ सोनटक्का आहेच. बघतो.

---

अनघा_बंगळुरू

वाचतेय! माझ्या बाल्कनीत मोठ्या कुंडीत हळद आहे. सहाव्या मजल्यावर येईल का ही?

---

घाटपायथा

खालच्या बागेत आलं, हळद, सोनटक्का असं काही असेल तर आशा नक्की ठेवा. मुळात जमिनीलगत फिरणारं फुलपाखरू, त्यामुळे खालच्या मजल्यांवर शक्यता जास्त. कुंडी दुपारच्या कडक उन्हात ठेवू नका, सकाळचं ऊन आणि नंतर सावली. कीटकनाशक अजिबात नको, कडुनिंबाचं तेलसुद्धा नको.

आणि दुमड दिसायच्या आधी अंडं शोधा. एकेक, सुटं घातलेलं असतं. आकार घुमटासारखा, खालून सपाट, रंग लालसर. हिरव्या पानावर लाल ठिपका चटकन दिसतो. पानाच्या दोन्ही बाजू बघा. अंडं फुटायला तीन-चार दिवस, अळी दोन ते साडेतीन आठवडे, कोष सहा-सात दिवस. म्हणजे अंडं सापडलं तर महिन्याभरात फुलपाखरू.

---

तिलारीवाला

हळदीवरची प्रत्येक दुमड ग्रास डीमनची नसते, हेही यायला हवं. आमच्या दोडामार्ग भागात रिस्ट्रिक्टेड डीमन आणि कॉमन बँडेड डीमन हे दोघंही हळद-आल्याच्या कुळावरच वाढतात. अळी बघून सांगणं कठीण. फुलपाखरू झाल्यावर मात्र शंका राहत नाही. या दोघांच्या मागच्या पंखावर पांढरा डाग नसतो, फक्त पुढच्या पंखावर आडवा पांढरा पट्टा.

त्या दोघांतला फरक पट्ट्याच्या लांबीत. खालच्या बाजूने बघायचं. पट्टा पुढच्या पंखाच्या वरच्या कडेपर्यंत पोहोचला तर बँडेड, अलीकडेच थांबला तर रिस्ट्रिक्टेड. म्हणून फोटो काढताना पंख मिटलेला एक तरी हवाच. वरून काढलेल्या दहा फोटोंपेक्षा बाजूनं काढलेला एक कामाचा.

---

निशिगंध_पुणे

तिलारीवाला, हे मी वहीत लिहून घेतलं. अळी घरी आणून वाढवली तर चालेल का? मुलीला शाळेसाठी दाखवायचं आहे. अळी मरू नये एवढीच काळजी.

---

तिलारीवाला

बागेतली किंवा परसातली असेल तर खुशाल. राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य इथून काहीही उचलायचं नाही, अळीसुद्धा नाही.

हळदीचं तोडलेलं पान लवकर कोमेजतं. त्यामुळे पानाऐवजी देठासकट फुटवा आणा, अरुंद तोंडाच्या बाटलीत पाण्यात उभा करा आणि बाटलीचं तोंड कापसानं बंद करा, नाहीतर अळी पाण्यात पडते. कुंडीत हळद असेल तर सगळ्यात सोपं, त्याच रोपावर मलमलची पिशवी चढवायची. हात लावायची, रोज उलगडून बघायची गरज नाही.

आणखी एक. काही अळ्यांतून फुलपाखरू निघत नाही, बारीक गांधीलमाश्या निघतात. गांधीलमाशीनं आधीच अळीच्या अंगात अंडी घातलेली असतात. मुलीला आधी सांगून ठेवा. तेही बघण्यासारखंच असतं, फेकून देऊ नका. फोटो आणि तारीख ठेवा.

---

घाटपायथा

या गांधीलमाश्यांवरून आठवलं. अनेक स्किपर अळ्या विष्ठा घरात पडू देत नाहीत. शेपटाकडे कंगव्यासारखा एक भाग असतो, त्याच्या जोरावर विष्ठेची गोळी दूर उडवतात. अमेरिकेतल्या सिल्व्हर-स्पॉटेड स्किपरवर याचा नीट अभ्यास झालाय. ती अळी स्वतःच्या लांबीच्या तीस-चाळीस पटींपर्यंत अंतरावर गोळी फेकते. तिथे असंही दिसलं की विष्ठा जवळ राहिली तर गांधीलमाश्या वासावरून घर शोधून काढतात. म्हणजे हा घर लपवायचा उपाय. बरणीत अळी वाढवताना समोरच्या काचेवर 'टक्' असा आवाज आला तर काय झालं ते मुलीला सांगा, तिला फार आवडेल.

कोषही बघून घ्या. फिकट हिरवा, गुंडाळलेल्या पानातच. सोंडेचं आवरण पोटाच्या टोकाच्याही पुढे लांबपर्यंत आलेलं असतं. सोंड खरोखरच तेवढी लांब असते. खोल नळीच्या फुलांतला मध हा सहज काढतो. घाणेरीवर, सोनटक्क्यावर याला बसलेला बघताना सोंडेकडे लक्ष द्या.

---

कुळागरकर

इतिहासाची थोडी भर. या भागातल्या फुलपाखरांच्या अळ्या-कोषांचं काम कारवारला झालंय, आमच्या अगदी शेजारी. डेव्हिडसन, बेल आणि एटकेन हे तिघे ब्रिटिश अधिकारी. उत्तर कॅनरा जिल्ह्यातल्या फुलपाखरांवरचे त्यांचे लेख १८९६-९७ च्या सुमारास बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) नियतकालिकात आले. बेल वनखात्यात होते. अळ्या घरी वाढवून, कुठल्या झाडावर कुठली हे त्यांनी नोंदवून ठेवलं. आज आपण 'हळदीवर बघा' म्हणतो त्याच्या मुळाशी असं काम आहे. अळ्या शोधून आणणारे स्थानिक लोक त्यांच्यासोबत असणारच. त्यांची नावं मिळाली असती तर मला फार बरं वाटलं असतं.

---

अनघा_बंगळुरू

खालच्या बागेत माळीकाकांनी कुंपणाला सोनटक्का लावलाय. आज संध्याकाळी जाऊन बघितलं. तीन पानं दुमडलेली आहेत! एक उन्हाकडे धरून बघितलं, आत काहीतरी हललं. माळीकाका ती पानं 'रोगट' म्हणून कापायला निघाले होते, त्यांना थांबवलंय. आता काय नोंदवू?

---

घाटपायथा

अनघा, किती छान! झाडाचं नाव, जागा, तारीख, दुमडीचा फोटो आणि दुमडीची लांबी एवढं पुरे. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर किंवा बटरफ्लाइज ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर टाका. नोंद 'अळी' म्हणूनच करा आणि यजमान झाड (अळी ज्यावर वाढते ते) न विसरता लिहा. स्किपरच्या नोंदींत नेमकी हीच माहिती गाळली जाते आणि खरी मोलाची तीच असते. सप्टेंबरमध्ये बिग बटरफ्लाय मंथ हा फुलपाखरांच्या नोंदींचा महिना असतो, २०२० पासून चालू आहे. तोवर फुलपाखरू निघालं तर तीही नोंद घाला.

माळीकाकांना एक अळी दाखवाच. एकदा बघितली की ते पुढच्या वर्षी कात्री लावणार नाहीत.

---

रानपाखरू_ठाणे

येऊरला हमखास दिसतं का? आणि वेळ कुठली?

---

तिलारीवाला

येऊरला पावसाळ्यात ओढ्याकाठच्या सावलीत बघा, सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान. पाऊस थांबून ऊन पडलं की पहिल्या अर्ध्या तासात हे पानांवर येऊन बसतात. घोडबंदर रस्त्याला ओवळेकर वाडीची फुलपाखरू बागही आहे. तिथे खाद्यझाडं मुद्दाम लावलेली असल्यानं शिकायला फार सोयीचं.

---

कृष्णाकाठ

पाच-सहा पानं सोनटक्क्यावर नेऊन ठेवली होती. दोन दिवसांनी बघितलं तर सोनटक्क्याच्या पानांना नवीन दुमडी आहेत. म्हणजे गेल्या तिकडे. एक प्रश्न : जानेवारीत हळदीचा पाला कापतो, जमिनीवर पान शिल्लक राहत नाही. तेव्हा ही कुठे असते?

---

घाटपायथा

कृष्णाकाठ, फारच आनंद झाला वाचून.

पाला पिवळा पडायला लागला की हळदीवर तिला खायला काही उरत नाही. अशा वेळी पाण्याजवळचा सोनटक्का कामाला येतो, कारण ओल असेल तिथे त्याची पानं हळदीच्या कितीतरी नंतरपर्यंत हिरवी राहतात. विहिरीजवळचा तुमचा गड्डा डिसेंबरपासून पुढे दर पंधरा दिवसांनी बघाल का? दुमडी असतील-नसतील, दोन्ही लिहा. कुळागरकर, तुमच्याकडे पाटाच्या पाण्यावर कुळागर वर्षभर ओलं असतं, तिथलीही नोंद मिळाली तर उत्तम. घाटाच्या दोन्ही बाजूंचं एकाच वेळी कळेल.

---

कुळागरकर

ठेवतो. आलं, हळद आणि सोनटक्का तिन्ही एकाच पाटावर आहेत, वेगवेगळी लिहून काढतो.